विश्लेषण : कंबरदुखीची गोळी महिनोन्‌महिने घेणे किती सुरक्षित?

फेब्रुवारी २०२५ मध्ये बीबीसीच्या शोधवृत्तानंतर केंद्राने टॅपेंटाडॉल-कॅरिसोप्रोडॉल या मिश्र गोळ्यांचे उत्पादन आणि निर्यात थांबवली. मुंबईतील एका कंपनीच्या या गोळ्या पश्चिम आफ्रिकेत नशेसाठी विकल्या जात होत्या. बातमी परदेशातली वाटली, तरी टॅपेंटाडॉलच्याच गटातली ट्रॅमाडॉल आपल्याकडे कंबर, गुडघा, मणक्याच्या दुखण्यावर सर्रास लिहून दिली जाते. अंबरनाथ पूर्वेहून सीएसएमटीपर्यंत सव्वा-दीड तास लोकलमध्ये उभे राहणाऱ्यांना कंबरदुखी नवी नाही. पाच दिवसांसाठी दिलेली गोळी सहा महिने चालू राहिली तर काय होते?

ही औषधे करतात काय?

मॉर्फिन, ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल ही ओपिऑइड औषधे. ती मेंदू आणि मज्जारज्जूत वेदनेचा निरोप दाबतात. सरकलेली गादी किंवा झिजलेला गुडघा मात्र तसाच राहतो. काही आठवड्यांत शरीर सरावते आणि तेवढ्याच आरामासाठी जास्त डोस लागतो. काहींमध्ये तर वेदना अधिक तीव्र जाणवू लागतात. बद्धकोष्ठता, गुंगी, वयस्करांत पडण्याचा धोका हे वेगळेच. दारू किंवा झोपेच्या गोळीसोबत घेतल्यास श्वास मंदावून जीवावर बेतू शकते. नैराश्यावरच्या काही औषधांबरोबर ट्रॅमाडॉल घेतल्यास फिट येण्याची शक्यता वाढते. म्हणून डॉक्टरांना आधीची सगळी औषधे सांगा, झोपेची गोळीही.

निदान आराम तरी जास्त?

तेही नाही. अमेरिकेत जुनाट कंबरदुखी आणि खुबा-गुडघ्याच्या संधिवाताच्या २४० रुग्णांवर वर्षभर चाचणी झाली. २०१८ मध्ये तिचे निष्कर्ष आले. ओपिऑइड घेणाऱ्यांची रोजची हालचाल इतर औषधे घेणाऱ्यांपेक्षा सुधारली नव्हती. वेदना उलट थोड्या जास्तच होत्या आणि दुष्परिणामही.

मग आजच बंद करायची?

इथेच बहुतेकांची चूक होते. अनेक आठवडे रोज घेतलेली गोळी अचानक सोडली की घाम, अस्वस्थता, जुलाब, अंगदुखी सुरू होते, झोप उडते. रुग्णाला वाटते जुने दुखणे परतले, आणि तो पुन्हा मेडिकल गाठतो. ते दुखणे बरेचदा गोळी तुटल्याचे असते. डोस डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावा लागतो, कधी काही महिने. शरीराला अशी सवय लागणे म्हणजे व्यसनच, असे नाही. त्यामुळे डॉक्टरांपुढे संकोच नको.

ट्रॅमाडॉल २०१८ पासून एनडीपीएस कायद्याखाली आहे आणि ‘एच-१’ यादीतही. चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाही, मेडिकलवाल्याला रुग्णाचे आणि डॉक्टरांचे नाव वहीत नोंदवावे लागते. तो नवी चिठ्ठी मागत असेल तर हुज्जत घालू नका.

कॅन्सरच्या वेदनांचे गणित पूर्ण वेगळे आहे. तिथे मॉर्फिन मिळणे ही रुग्णाची गरज असते, आणि ते सहज मिळावे म्हणूनच २०१४ मध्ये एनडीपीएस कायद्यात दुरुस्ती झाली. घरात असा रुग्ण असेल, तर वरचे वाचून त्याची गोळी कमी करू नका.