दम मोजायचा कोणी?



आमच्या आगाशीच्या मैदानावर संध्याकाळी मुले कबड्डी खेळतात. परवा जरा वेळ उभा राहून पाहिले. चढाईला निघालेला मुलगा तोंड मिटूनच मध्यरेषा ओलांडून गेला आणि कडेला बसलेला त्याचा मित्र मोबाईलवर तीस सेकंद मोजू लागला. "अरे, दम कुठे आहे तुझा?" असे मी विचारले. तो म्हणाला, "सर, टीव्हीवर तरी कुठे ऐकू येतो?"

उत्तर अगदीच चुकीचे नव्हते. २०१४ साली सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगमध्ये चढाईला ३० सेकंदांची मर्यादा आहे. पण दमाचा नियम काही गेलेला नाही. ‘कबड्डी, कबड्डी’ हा उच्चार एकाच श्वासात, सलग आणि स्पष्ट व्हायला हवा. म्हणजे एका चढाईवर दोन घड्याळे चालतात. एक फलकावरचे, ते सर्वांना दिसते. दुसरे खेळाडूच्या छातीतले; ते पंचांच्या कानांवर सोपवलेले आहे.

फलकावरच्या घड्याळाबद्दल माझी तक्रार नाही. अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये १९५० साली एक सामना १९ विरुद्ध १८ अशा गुणांवर संपला होता, कारण चेंडू हातात ठेवून वेळ काढायला बंदीच नव्हती. पुढे १९५४ मध्ये २४ सेकंदांत चेंडू टाकलाच पाहिजे असा नियम आला. हा आकडा साध्या भागाकाराचा आहे. सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २८८० सेकंद. रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून सुमारे १२० वेळा चेंडू टाकतात. २८८० भागिले १२०.

तोच भागाकार आपण कबड्डीला लावू. सामना ४० मिनिटांचा, म्हणजे २४०० सेकंद. प्रत्येक चढाई पुरे ३० सेकंद चालली तर ८० चढाया, एका संघाच्या ४०. लीगच्या नियमाप्रमाणे लागोपाठ दोन चढाया निष्फळ गेल्या तर तिसरीत गुण मिळवावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. म्हणजे ४० पैकी २७ चढाया बिनधोक रिकाम्या घालवता येतात. शेवटच्या पाच मिनिटांत तर आघाडीवरच्या संघाच्या वाट्याला पाचच चढाया येतील आणि त्यांतली एक, फार तर दोन सक्तीच्या. प्रेक्षक घड्याळाकडे पाहत बसतात ते यामुळेच. माझी सूचना अशी, की शेवटच्या पाच मिनिटांत प्रत्येक दुसरी चढाई सक्तीची करावी.

हा बदल सोपा आहे. खरा प्रश्न दमाचा. माणूस खोल श्वास घेऊन साधारण तीन ते चार लिटर हवा बाहेर सोडू शकतो. चार लिटर ३० सेकंद पुरवायची तर दर सेकंदाला सुमारे १३३ मिलिलिटर एवढीच हवा खर्चता येते, आणि तीही धावताना. शिवाय श्रमाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि ‘श्वास घे’ असा तगादा मेंदू लावतो. पकड करणारे सात जण मोकळा श्वास घेत असतात. चढाई करणारा मात्र उसन्या वेळेवर खेळतो. हे ओझे काढले तर उरते ती नुसती शिवाशिवी.

पंचांना दोष देऊ नका. तोंडापासून ५ सेंटिमीटरवर असलेली ध्वनितीव्रता ५ मीटरवर, म्हणजे शंभरपट अंतरावर, व्यस्त वर्ग नियमाने दहा हजाराव्या हिश्शावर येते; ४० डेसिबलची घट! त्यात बंदिस्त क्रीडागृह, ढोल आणि कर्णे. कान कितीही तयार असला तरी काय करणार?

तेव्हा उपकरण खेळाडूजवळ नेले पाहिजे. छातीच्या मधल्या हाडावर तळवा ठेवून ‘कबड्डी’ म्हणा. हाताला कंप जाणवतो. गंजीखाली चिकटवलेली पातळ, मऊ चकती हा कंप टिपू शकेल. उच्चारांमधली फट ठराविक वेळेपेक्षा लांबली की पंचांना खूण मिळावी. निर्णय मात्र त्यांनीच द्यावा. गळ्यावर काही बांधणे मला मान्य नाही, पकडीत ते जिवावर बेतेल. चकतीसुद्धा खेळाडू छातीवर आपटल्यावर टोचत नाही ना, हे आधी तपासायला हवे. खर्चाचे म्हणाल, तर तो कोट्यवधींची बोली लावणाऱ्या लीगने सोसावा. गावच्या स्पर्धेत चढाई चालू असताना कर्ण्यावरचे समालोचन थांबवले तरी पुष्कळ झाले.

त्या मुलाला मी एक प्रयोग दिला आहे, तुम्हीही करा. एकदा उभे राहून आणि एकदा मैदानाला फेरी मारून आल्याबरोबर, एका श्वासात किती सेकंद ‘कबड्डी’ म्हणता येते ते मित्राला मोजायला सांगा. दोन्ही वेळा तीन-तीन नोंदी घेऊन सरासरी काढा. चक्कर आल्यासारखे वाटले तर लगेच थांबा.