नाकतोंगच्या तीरावर

कोरियातील वेग्वान या गावाजवळ नाकतोंग नदीवर रेल्वेचा आणि रस्त्याचा असे दोन महत्त्वाचे पूल होते. ३ ऑगस्ट १९५० रोजी अमेरिकेची पहिली कॅव्हलरी डिव्हिजन त्यांवरून पूर्व तीरावर माघार घेत होती. २५ जूनला उत्तर कोरियाने आक्रमण केल्यापासून दक्षिणेचे सैन्य सतत मागे रेटले जात होते आणि पाव ते अर्धा मैल रुंदीची ही नदी आता संरक्षणाची रेषा ठरली होती. पूल उडवण्याचा हुकूम आपल्याखेरीज कोणीही द्यायचा नाही, असे मेजर जनरल होबार्ट गे यांनी बजावले होते.

घाईने उडवलेल्या पुलाची किंमत पाच आठवड्यांपूर्वीच दिसली होती. २८ जूनच्या पहाटे सोलजवळ हान नदीवरील पूल माणसांनी भरलेला असतानाच उडवला गेला. शेकडो लोक मेले आणि दक्षिण कोरियाच्या सैन्याचा मोठा भाग उत्तर तीरावरच अडकला.

वेग्वानच्या पश्चिम तीरावर अखेरीस राहिली ती आठव्या कॅव्हलरी रेजिमेंटची पिछाडीची तुकडी. तिच्यासमोर हजारो निर्वासित दाटले होते. तुकडी पुलावर पाऊल टाकी, तोच जमाव तिच्यामागे येई. गे यांनी तिला परत पाठवले: लोकांना तीरावर थोपवून धरावे आणि सर्व सिद्धता होताच धावत पूर्वेकडे यावे. हा प्रयोग अनेकदा झाला; प्रत्येक वेळी निर्वासित शिपायांच्या टाचांशीच असत.

तसे होणे अटळच होते. बँकेचा दरवाजा अर्धा ओढला गेला की ठेवीदारांची रांग मोडून सारे एकदम आत घुसू पाहतात; दरवाजा ओढणे हीच त्यांना मिळालेली बातमी असते. येथे शिपायाची पाठ वळणे हीच ती बातमी होती. जो पहारा उठताच सर्वांना उमगतो, तो उठवून अंतर पाडता येत नाही. शिवाय निर्वासितांच्या वेषात शत्रूचे सैनिक मिसळतात ही भीती होती आणि ती अगदीच निराधार नव्हती. पण म्हातारा कोण आणि हेर कोण, हे मूठभर शिपायांनी त्या गर्दीत कसे निवडावे? जमाव पुलापासून दूर, रस्त्यावरच सकाळी थोपवला असता, किंवा त्याला पार होण्यास ठराविक वेळ दिला असता, तर संध्याकाळी त्या तुकडीपुढे काही पर्याय उरला असता. जे वरच्यांनी वेळेवर ठरवले नाही, ते तिच्या पायांच्या वेगावर सोपवले गेले.

अंधार पडत आला तेव्हा गे यांनी हुकूम दिला. पुलाबरोबर शेकडो निर्वासित गेले.

पूल तुटल्याने शत्रूच्या रणगाड्यांची वाट अडली, हे मान्य करावेच लागेल. पायदळ मात्र अडले नाही. ५ ऑगस्टच्या रात्री, बऱ्याच दक्षिणेला, उत्तर कोरियाचे सैनिक हीच नदी पाण्यातून चालत ओलांडून आले.

हान नदीचा पूल उडवणारा इंजिनिअर अधिकारी, कर्नल चोई चांग-सिक, याला त्याच वर्षी सप्टेंबरात गोळ्या घालण्यात आल्या. त्याने वरचा हुकूम पाळला होता. १९६४ मध्ये न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले.