गारगोटीची ताजी धूळ

मध्य प्रदेशातील अलिराजपूर, झाबुआ आणि धार या जिल्ह्यांतील आदिवासी दुष्काळात पोटासाठी गुजरातेत उतरले आणि गोध्रा-बालासिनोर भागातील गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत राबले. कित्येकांनी तेथे काही महिनेच काम केले होते. तरीही ते गावी परतले ते धापा टाकीतच. अनेकांवर क्षयाचा शिक्का बसला व क्षयाचीच औषधे सुरू झाली. रोग होता सिलिकोसिस.

इतक्या थोड्या काळात फुफ्फुस कसे निकामी होते? धूळ अतोनात होती, हे एक कारण. दुसरे कारण असे की ती ताजी होती. गारगोटी फुटते तेव्हा तिच्या स्फटिकातील सिलिकॉन व ऑक्सिजन यांचे बंध तुटतात आणि ताज्या पृष्ठभागावर मुक्त मूलके, म्हणजे जोडीदार इलेक्ट्रॉन गमावलेली अतिशय क्रियाशील केंद्रे, उघडी पडतात. ओलाव्याशी गाठ पडताच त्यांतून पेशींची नासाडी करणारी हायड्रॉक्सिल मूलके निर्माण होतात. धूळ शिळी होऊ लागली की हा जोर ओसरतो, हे अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९८८ साली प्रयोगाने दाखविले. परंतु चक्कीपाशी उभ्या असलेल्या मजुराला ती शिळी होईपर्यंत श्वास रोखून धरण्याची सवलत नसते!

वायुकोशांतील भक्षक पेशी हा कण गिळतात, पण त्यांना तो पचत नाही. त्याचा नाश करण्यासाठी त्या ऑक्सिजनची दाहक संयुगे सोडतात. कण शाबूत राहतो, पेशी मरते आणि मोकळा झालेला कण दुसऱ्या पेशीच्या वाट्याला जातो. ग्लुटाथायोनसारखी शरीराची संरक्षक द्रव्ये खर्ची पडतात. यालाच ऑक्सिडीकरणाचा ताण म्हणतात. दाह धुमसत राहतो आणि मऊ ऊतींच्या जागी कठीण, तंतुमय गाठी होतात. काम सोडल्यावरही रोग वाढत जातो तो यामुळेच.

हे रसायनशास्त्र मालकवर्गाला अडचणीचे आहे. मजुरांना गुळाचा खडा वाटला की धुळीचा बंदोबस्त झाला, ही समजूत जुनी आहे; उद्या गुळाची जागा ऑक्सिडीकरणरोधक गोळ्या घेतील. गूळ खाण्यास कोणाची हरकत नाही. पण तंतुमय झालेले फुफ्फुस पूर्ववत करणारे औषध आजही नाही. घाव दगड फुटतो त्या क्षणी पडतो, म्हणून उपायही तेथेच हवा: पाण्याचा फवारा, आणि कोरडीच भुकटी हवी असेल तेथे बंदिस्त चक्की व धूळ जागच्या जागी खेचून घेणारे यंत्र. यात अद्भुत असे काही नाही. फक्त पैसे लागतात.

सिलिकोसिस १९४८ च्या कारखाने कायद्यात नोंदवावयाच्या रोगांच्या यादीत होता. पण हजेरीपटावर ज्याचे नावच नाही, त्याचा रोग कोणी नोंदवावा? ४ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्यास फर्मावले. आदेश गुजरात सरकारला होता. यंत्राचा खर्च मालकांनी त्याआधीच वाचविला होता.