कावा आणि काढा

‘गनिमी कावा’ हा शब्द मी चौथीत शिकलो. तो प्यायचा असतो हे मात्र परवा, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी कळलं. ऑकलंडचा भाचा चिकलठाण्याच्या विमानतळावर उतरला तो थेट आमच्याकडेच आला आणि चहाचा कप हातात घ्यायच्या आधी त्याने बॅगेतून एक करडा पुडा काढला.

“मामा, कावा! फिजीचा आहे. प्यायलं की डोकं शांत, अंग सैल. आणि दारूबिरू नाही हं, झाडाचं मूळ आहे.”

(मराठी व्याकरणाप्रमाणे पुढे ‘काव्याचे परिणाम’ असं लिहायला हवं, पण मग वाचकांना वाटेल मी नवकवितेबद्दल बोलतोय. म्हणून ‘कावाचे’ म्हणतो.)

भाच्याने ती पूड फडक्यात बांधून पातेल्यातल्या गार पाण्यात चांगली चुबकली. पाण्याला असा काही रंग आला, की सौ. म्हणाली, “हे तर आपल्या गल्लीतलं जूनमधलं पाणी!” चिकलठाण्याच्या माणसाला चिखलाचं काय कौतुक? तो गावाच्या नावातच आहे. पण तेवढ्यात शेजारचे निवृत्त सुपरवायझर आले (नव्या पदार्थाचा वास त्यांना भोंग्याआधी येतो). त्यांनी वाटीभर घेतलं आणि पाच मिनिटांत जाहीर केलं, की ओठ बधिर झाले. दहा मिनिटांनी ते चक्क गप्प बसले. तीस वर्षांच्या शेजारात हा चमत्कार पहिलाच. सौ. हळूच म्हणाली, “एक पुडा त्यांच्याकडे देऊनच टाक.”

मग वाटी माझ्यापुढे आली. मी नको म्हणालो. सुपरवायझरसाहेब जड जिभेने म्हणाले, “घ्या हो! झाडपाल्याचंच आहे. गुण आला तर आला, अपाय तर नाही ना!”

या एका वाक्याशी माझं भांडण आहे.

आधी कावाची बाजू मांडतो, नाही तर बिचाऱ्यावर अन्याय होईल. कावा हा आपल्या नागवेलीचा, मिरीचा आणि पिंपळीचा सख्खा नातेवाईक. एकाच कुळातला, आपण पान खातो, ते मूळ पितात. फिजी, टोंगा, सामोआ, वानुआटू या बेटांवर पिढ्यान्‌पिढ्या तो चालत आला आहे. तो आंबवत नाहीत, त्यात मद्यार्क नसतो. जीभ-ओठ बधिर होतात, स्नायू सैलावतात, मन निवतं. जास्त झाला तर पाय लटपटतात आणि झोप येते. आपले गिरमिटिये १८७९पासून फिजीच्या उसाच्या मळ्यांत गेले. त्यांच्या नातवंडा-पतवंडांनीही तो आपलासा केला. ते त्याला ‘नगोना’ म्हणतात. पाहुणा आला की आपण पानसुपारी पुढे करतो, तसा तिथे कावा.

पण कसा? चटईवर मांडी घालून बसायचं. मधे मोठं लाकडी पात्र. नारळाच्या करवंटीतून एकेकाला मिळणार, तेही मानाप्रमाणे. टाळी वाजवून घ्यायचा, एका दमात संपवायचा, पुन्हा टाळ्या. म्हणजे कोणी किती घेतला ते चारचौघांच्या डोळ्यांदेखत! आपल्याकडे वैद्य मात्रा, पथ्य आणि अनुपान सांगतो. तिथे ते काम चटई करते.

पुढे युरोपातल्या शहाण्यांनी चटई वगळली, करवंटी वगळली, पाणीसुद्धा वगळलं. मुळाचा अर्क काढून त्याच्या गोळ्या केल्या. काही लोकांचं यकृत बिघडल्याच्या बातम्या आल्या आणि २००२ साली जर्मनीने बंदी घातली. बेटांवरचे लोक म्हणाले, अहो, तुम्ही साल घातली असेल, देठ घातले असतील, भलतं वाण घेतलं असेल. आम्ही तर सोललेलं मूळ पाण्यात कालवतो! वानुआटूने त्याच वर्षी कोणतं वाण चांगलं याचा कायदाच केला. २०१४ साली जर्मनीतल्या न्यायालयाने ती बंदी रद्द ठरवली. पण तज्ज्ञांचा वाद मिटलेला नाही. रोज भरपूर पिणाऱ्याच्या कातडीला खवले धरतात, हे तर बेटांवरचे लोकही सांगतात. आणि यकृत दुखरं असेल किंवा सोबतीला दारू असेल, तर त्याच्या वाटेला जाऊ नये, याबद्दल वादच नाही.

आता तुम्ही म्हणाल, फिजीच्या मुळाशी आमचं काय देणंघेणं? सांगतो.

२०२०चं साल आठवा. घराघरांत काढा उकळत होता. एम.आय.डी.सी.तल्या एका कुंपणाजवळच्या कडुनिंबावर गुळवेल चढलेली होती. (गुळवेलच असावी. तसं सुपरवायझरसाहेब म्हणाले आणि त्यांनीच कापून आणली.) सकाळी पेलाभर, संध्याकाळी पेलाभर, आणि कुठे बाहेर जाऊन आलं की आणखी एक, असा मी चार महिने प्यायलो. दिवाळीनंतर भूक गेली. मग एके दिवशी दाढी करताना आरशात डोळे हळदीसारखे दिसले. डॉक्टरांनी विचारलं, “सध्या काय काय घेता?” मी ताठ मानेने म्हणालो, “काही नाही!” खोटं बोललो नाही हो. काढा म्हणजे का औषध? तो आपला घरचा. दोन आठवडे तपासण्यांवर तपासण्या झाल्या. शेवटी सौ.च बोलून गेली, “यांना आत्ता काढ्याची वेळ झाली.” डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. काढ्यानेच झालं असं ते छातीठोकपणे म्हणाले नाहीत. बंद करा एवढंच म्हणाले. महिना-दीड महिन्यात डोळे पांढरे झाले. त्या दिवसांत सौ. रात्री उठून माझ्या श्वासाचा कानोसा घ्यायची, हे तिने मला खूप नंतर सांगितलं.

२०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं लिहिलं. आयुष मंत्रालयाने उत्तर दिलं, की ती गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असू शकेल. अगदी कावाचीच कथा! मी म्हणतो, दोघांचंही खरं माना. तरी एवढं उरतंच, की कुंपणावरून कोणती वेल घरात आली, किती दिवस प्यायची आणि कोणी प्यायची नाही, हे पिणाऱ्याला ठाऊक नव्हतं. आजीच्या काढ्यात आजीही असायची. “पुरे आता” म्हणणारी. आपण काढा ठेवला आणि आजी गाळून टाकली.

जे गुण देऊ शकतं ते अवगुणही देऊ शकतं. ज्याने अपाय होणं शक्यच नाही, त्याने उपाय तरी कसा होणार? वनस्पतीचा मान राखायचा तर तिला औषध म्हणा, आणि डॉक्टरांना तिचं नाव सांगा.

कावाचा पुडा फडताळात आहे. सुपरवायझरसाहेब चौकशी करून जातात, सौ. त्यांना आधी चटईवर बसवते आणि एकच वाटी देते. मी परवा तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, “काय काय घेता?” मी त्रिफळ्यापासून ओव्याच्या अर्कापर्यंत सगळं घडाघडा सांगितलं, चहासुद्धा सांगितला. किती कप, ते मात्र सौ.ने सांगितलं.