पोटाची तक्रार आणि शाळेची घंटा



या अंकात आम्ही ज्या विषयावर लिहीत आहोत, तो विषय शाळेच्या पत्रिकेत सहसा छापला जात नाही. निकाल, स्नेहसंमेलन, क्रीडास्पर्धा यांना पानांवर जागा मिळते. परंतु वर्गातील लहान मूल ज्या त्रासाने गप्प बसते, त्याला जागा मिळत नाही. विषय आहे लहान मुलांच्या मलावरोधाचा. आमचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले, त्यामुळे आमच्या ओठावर आधी ‘कब्ज’ हा शब्द येतो. पुस्तकी मराठीत ‘बद्धकोष्ठता’ म्हणतात, घरातील आजी ‘परसाकडे साफ होत नाही’ म्हणते. पहिलीतल्या मुलाला मात्र यातला एकही शब्द सांगता येत नाही. त्याला एवढेच म्हणता येते, ‘सर, पोट दुखते.’

आमचे स्पष्ट मत असे आहे की या तक्रारीचा अर्धा उपाय औषधाच्या दुकानात नसून शाळेत आहे. तो कसा, ते आम्ही क्रमाने मांडतो.

प्रथम त्रासाचे कारण समजून घ्यावे. मोठ्या आतड्याचे एक काम पाणी शोषून घेण्याचे आहे. वेग आला असता मूल गेले नाही, तर मळ आत राहतो, त्यातील पाणी कमी होत जाते आणि तो कडक व मोठा होतो. पुढच्या वेळी जाताना दुखते, कधी चीर पडून थेंबभर रक्तही येते. एकदा दुखले की मूल घाबरते आणि पुन्हा रोखून धरते. पाय आवळून, कोपऱ्यात ताठ उभे राहून ते जोर लावत आहे असे आईला वाटते, पण बहुधा ते जोर लावत नसते, रोखत असते. असे आठवडेच्या आठवडे चालले की आतड्याचा शेवटचा भाग ताणला जातो आणि वेग आल्याची जाणीवच मंद होते. मग कडक मळाच्या बाजूने पातळ मळ झिरपून चड्डी खराब होते. घरचे समजतात की जुलाब लागले किंवा मूल आळशी झाले, आणि त्याला मार बसतो. भरलेल्या आतड्याचा दाब मूत्राशयावर पडतो, म्हणून काही मुले रात्री अंथरूण ओले करतात, तर मुलींमध्ये लघवीची जळजळ वारंवार होते. भूक मंदावते, चिडचिड वाढते, अभ्यासात लक्ष लागत नाही. अशा मुलाला शिक्षा करणे म्हणजे आजाराला शिक्षा करणे होय.

डॉक्टर सांगतात की ही तक्रार सुरू होण्याच्या तीन वेळा ठरलेल्या आहेत. पहिली, बाळ दुधावरून जेवणावर येते तेव्हा. दुसरी, त्याला शौचाची सवय लावतात तेव्हा. आणि तिसरी, ते शाळेत जाऊ लागते तेव्हा. पहिल्या दोन वेळा घरच्या आहेत, तिसरी आमची आहे. घरी मूल हवे तेव्हा जाते. शाळेत त्याला हात वर करून चाळीस जणांसमोर परवानगी मागावी लागते. मागे कोणीतरी हसते. तिथे गेले तर दाराला कडी नाही, बादलीत पाणी नाही, वास सहन होत नाही. सहा वर्षांचे मूल या सगळ्याचा हिशेब करते आणि ठरवते की घरी गेल्यावर बघू. मुली तर पाणीच पीत नाहीत, म्हणजे जावे लागणार नाही. घरची बाटली जशी भरून आली तशीच परत गेली, तर मूल पाणी प्यायला विसरले असे धरून चालू नये.

आता काही जण म्हणतील की शौचालये तर सर्वत्र झाली आहेत. हे खरे आहे. शिक्षणाचा अधिकार कायदा 2009 साली झाला, त्यात मुला-मुलींसाठी वेगळी शौचालये आणि पिण्याचे पाणी हे शाळेचे निकष ठरले. 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने सहा महिन्यांत सर्व शाळांत ही सोय करण्याचा आदेश दिला. 2014-15 मध्ये स्वच्छ विद्यालय मोहिमेत देशभर चार लाखांहून अधिक शौचालये बांधली वा दुरुस्त झाली. पण बांधणे हे एक दिवसाचे काम आहे, चालू ठेवणे हे रोजचे काम आहे. उद्घाटनाची पाटी भिंतीवर राहते आणि नळाची तोटी गळून पडते. मुलाला पाटीचा उपयोग नाही, तोटीचा आहे.

आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात 1876 साली जन्मलेले संत गाडगेबाबा गावात आले की आधी हातात खराटा घेत आणि रात्री कीर्तन करीत. हा क्रम विचार करण्यासारखा आहे. त्यांच्या नावाने महाराष्ट्रात 2000 साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. सीमेच्या अलीकडे आपणही त्यांना तितकेच आपले मानतो. मग शाळेतही आधी स्वच्छता आणि मग भाषण, हा क्रम आपण ठेवावा.

यासाठी विश्वस्त मंडळापुढे आमची चार निवेदने आहेत.

एक, प्रत्येक शौचालयाला आतून लागणारी कडी, पाणी, मग आणि बाहेर साबण असावा. सफाई दिवसातून दोनदा, वेतन घेणाऱ्या माणसाकडून व्हावी. हे काम विद्यार्थ्यांवर टाकू नये, आणि ठरावीक घरच्या मुलांवर तर कधीच टाकू नये.

दोन, लहान वर्गांत परवानगी मोठ्याने मागावी लागू नये. हाताची एक खूण ठरवावी, मुलाने खूण करावी व जावे. यावर आक्षेप येतो की मुले याचा फायदा घेऊन बाहेर हिंडतील. दोन-चार हिंडतील हे आम्हालाही ठाऊक आहे. त्यांना परत आणण्याचे काम शिक्षक करू शकतात. पण ज्याने भीतीने रोखून धरले, त्याचे आतडे शिक्षकाला सुधारता येत नाही.

तीन, जेवण झाले की आतड्याची हालचाल आपोआप वाढते, ही निसर्गाची योजना आहे. म्हणून दुपारच्या जेवणानंतर लगेच तासाची घंटा न देता दहा मिनिटे मोकळी ठेवावीत.

चार, पाण्यासाठी वेगळी घंटा असावी. 2019 साली केरळातील शाळांनी हा प्रयोग केला, पुढे कर्नाटकानेही तो उचलला. घंटा झाली की सर्वांनी आपापल्या बाटलीतून पाणी प्यायचे, इतके ते सोपे आहे. याला पैसा लागत नाही.

मंडळाची अडचण आम्ही जाणतो. आवारभिंत, छत, संगणक, सर्वांनाच निधी हवा आहे. तरीही आमचे म्हणणे आहे की या यादीत कडी आणि पाणी पहिल्या क्रमांकावर असावे.

पालकांकडेही तितकेच काम आहे. मुलाला शाळेच्या वेळेच्या अर्धा तास आधी उठवून घाईघाईत डबा भरून पाठवू नये. थोडे लवकर उठवावे, काही खाऊ घालावे आणि नंतर पाच-दहा मिनिटे निवांत बसू द्यावे, हातात मोबाईल न देता. झाले तर शाबासकी द्यावी, नाही झाले तर रागावू नये. घरी कमोड असेल तर पाय टेकायला खाली पाट ठेवावा, कारण पाय लोंबकळत असले की जोर लागत नाही.

खाण्याचे म्हणाल तर आपल्या भागात काय कमी आहे? ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, अंबाडी, मेथी, चवळी, पेरू. आणि संत्र्यासाठी तर पांढुर्णा-सौंसर ओळखले जाते. फक्त संत्र्याचा रस काढून देऊ नये, पाकळ्या चावून खाऊ द्याव्यात, कारण उपयोगी चोथा पाकळीत असतो. बागेतील चांगले फळ बाजारात जाते आणि मुलाच्या डब्यात बिस्किटाचा पुडा येतो, हा व्यवहार आम्हाला पटत नाही. दुसरी गोष्ट दुधाची. दूध चांगलेच, पण दिवसाला अर्ध्या लिटरहून जास्त दूध पिऊन जे मूल जेवत नाही, त्याला हा त्रास होऊ शकतो.

काही गैरसमजही दूर व्हावेत. पोट दुखले की ‘जंत झाले’ असे म्हणून थांबू नये. जंतांची गोळी 2015 पासून दरवर्षी राष्ट्रीय कृमिमुक्ती दिनी, 10 फेब्रुवारीला, देण्यात येते. ती अवश्य घ्यावी, पण ती मलावरोधाचे औषध नाही. शाळेत मिळणाऱ्या लोहाच्या गोळीने मळ काळा होतो, काहींना पोट जड वाटते. म्हणून ती खिशात घालून फेकू नये. जेवणानंतर घ्यावी, पाणी जास्त प्यावे आणि त्रास झाल्यास शिक्षकांना सांगावे. फक्त आईचे दूध पिणारे, महिन्याभराहून मोठे बाळ काही दिवस शी करत नसेल, पण शी मऊ असेल आणि बाळ खेळते असेल, तर सहसा काळजीचे कारण नसते. अशा बाळाला साबणाची वडी किंवा विड्याच्या पानाचा देठ लावणे, एरंडेल पाजणे हे प्रकार बंद व्हावेत. वर्षाच्या आतील बाळाला मधही देऊ नये.

औषधांबाबत आम्हाला जरा गंभीरपणे लिहावे लागत आहे. 2023 पर्यंत आपण ज्या जिल्ह्यात होतो, त्या छिंदवाड्यातील परासिया भागात 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कोल्ड्रिफ नावाच्या खोकल्याच्या औषधाने लहान मुलांचे मूत्रपिंड निकामी झाले. त्या औषधात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य सापडले. मध्य प्रदेशात वीसहून अधिक मुले दगावली. त्या घरांचे दुःख शब्दांत मावणारे नाही. तेव्हा केंद्राच्या आरोग्य विभागाने कळवले की दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत, आणि पाच वर्षांखालीही ती सामान्यतः देऊ नयेत. यातून दोन धडे घ्यावेत. दुकानदाराला विचारून किंवा शेजारच्या मुलाची उरलेली बाटली आणून मुलाला काही पाजू नये. आणि भीतीपोटी डॉक्टरांनी मलावरोधावर दिलेले औषध मध्येच सोडूही नये, कारण ताणलेले आतडे पूर्ववत व्हायला काही महिने लागतात. औषधाविषयी शंका असेल तर डॉक्टरांनाच विचारावी.

पुढील लक्षणे असल्यास मात्र विनाविलंब डॉक्टरांकडे जावे: पोट फुगणे, हिरवी उलटी, ताप, बरेच रक्त, वजन घटणे, पायात अशक्तपणा, किंवा जन्मापासूनच असलेला त्रास. दवाखान्यात ‘पेट साफ होता है?’ असे विचारले की मूल लाजून मान हलवते. तेव्हा किती दिवसांनी होते, कडक असते का, दुखते का, हे आईवडिलांनी नीट सांगावे.

विद्यार्थी मित्रांनो, शेवटचे तुमच्यासाठी. भूक लागली हे सांगायला लाज वाटत नाही, तशीच याचीही वाटू नये. वेग आला की जावे, हात साबणाने धुवावेत आणि वर्गात येऊन बसावे. आणि कोणी जात असेल तर हसू नये. तुमच्या एका हसण्याने एखादा मित्र आठवडाभर पोट धरून बसतो.

येत्या पालक-विश्वस्त सभेत वरील चार निवेदनांवर चर्चा व्हावी आणि शौचालयाच्या देखभालीसाठी दरमहा ठरावीक रक्कम बाजूला ठेवण्याचा ठराव व्हावा, अशी आमची नम्र विनंती आहे.