मंदाकिनीचे खोरे आणि आमची सोय

“केदारनाथ आता अगदी सोपे झाले आहे,” हे वाक्य अलीकडे आपल्या सुशिक्षित कुटुंबांत फार ऐकू येते. उन्हाळ्याच्या सुटीचा बेत ठरविताना कोणी तरी ते उच्चारतो आणि बाकीच्यांच्या मुद्रेवर समाधान पसरते. सकाळी हेलिकॉप्टरने वर जावे, दर्शन घ्यावे, छायाचित्रे काढावीत आणि दुपारच्या जेवणास खाली यावे. पुण्यही पदरात आणि रजाही शिल्लक! या वाक्यात आनंद मानण्यासारखे काही आहे असे आम्हांस वाटत नाही. उलट, हे खोरे सोपे करण्याच्या हव्यासाने एकदा हजारोंच्या मृत्यूस हातभार लावला व आता पुन्हा तीच तयारी चालविली आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते कित्येकांस कटु वाटेल. परंतु गौरीकुंडापासून वरपर्यंतची वाट पायी चालून आल्यावर ते मनातच ठेवणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

२०१३ पूर्वी ही वाट १४ किलोमीटरांची होती व तिच्या मध्यावर रामबाडा नावाची वस्ती होती. चहा, फराळ, रात्रीचा मुक्काम, सर्व काही तेथे मिळे. आज त्या जागी मंदाकिनीच्या पात्रातील गोट्यांवाचून दुसरे काही नाही. नवी वाट तेथे नदी ओलांडून पलीकडच्या अंगाने लिंचोलीवरून चढते व सुमारे १६ किलोमीटर भरते. समोरच्या उतारावर जुन्या वाटेचे तुकडे दिसतात. मध्येच सुरू होतात आणि मध्येच तुटतात. आम्ही विसाव्यास बसलो असता शेजारच्या खेचरवाल्याने नदीकडे बोट दाखवून “तेथे बाजार होता” एवढेच सांगितले व तो आपल्या जनावराचा तंग आवळू लागला. आमच्या बाजूने मात्र यात्रेकरूंचा लोंढा खाली न पाहता पुढे सरकत होता, आणि डोक्यावरून दर काही मिनिटांनी हेलिकॉप्टर घरघरत जात होते.

त्या दिवसांत घडले काय, ते थोडक्यात सांगणे अवश्य आहे. त्या वर्षी मोसमी पाऊस नेहमीपेक्षा सुमारे एक महिना आधीच, १६ जून रोजी, सर्व देशभर पोहोचला होता. केदारनाथाच्या वर चोराबारी हिमनदीजवळ डेहराडूनच्या वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेचे वेधयंत्र होते; त्याने १५ जूनच्या सायंकाळपासून १६ जूनच्या सायंकाळपर्यंत ३२५ मिलिमीटर पाऊस नोंदविला. १६ च्या सायंकाळी पहिला लोंढा आला. १७ जूनच्या सकाळी, सातच्या सुमारास, चोराबारी ताल फुटला. हाच तो गांधी सरोवर. हिमनदीने लोटून आणलेल्या दगडमातीचा सैल बांध एवढाच त्यास आधार होता. तो बांध सुटताच सारे पाणी काही मिनिटांत खाली उतरले. मंदिराच्या मागे एक प्रचंड शिळा येऊन अडली, प्रवाह दुभंगला आणि मंदिर उभे राहिले. भोवतालची बहुतेक वस्ती गेली. सबंध उत्तराखंडात मिळून ५,७०० हून अधिक माणसे मृत मानली गेली. त्रियुगीनारायणाच्या वाटेवर, जंगलात जीव वाचविण्यासाठी पळालेल्यांचे सांगाडे २०१६ सालीही सापडत होते. गुप्तकाशीजवळच्या देवली-भणिग्राम या गावातील पन्नासाहून अधिक पुरुष या आपत्तीत गेले. यात्रेच्या हंगामात पूजेसाठी वा रोजगारासाठी वर जाण्याची त्यांची रीत होती.

यावर आपल्याकडील भाविक म्हणतो, “दैवाचा कोप!” आणि आपल्याकडील शास्त्रज्ञ म्हणविणारा म्हणतो, “निसर्गाचा कोप!” दोघांची भाषा निराळी, परंतु हेतू एकच, तो म्हणजे आपल्या अंगावर काही येऊ न देणे. पाऊस आम्ही पाडला नाही हे खरे. तलावही आम्ही फोडला नाही. परंतु मंदाकिनी व सरस्वती या दोन प्रवाहांच्या मधोमध, हिमनदीने टाकलेल्या मातीवर, ऐन पात्राच्या काठी धर्मशाळा आणि विश्रामगृहे कोणी दाटीने उभी केली? ऐन पावसाच्या तोंडी हजारो माणसे त्या चिंचोळ्या जागेत कोणाच्या सोयीसाठी कोंबली गेली? निर्मनुष्य खोऱ्यात पूर आला तर तिला भूगोलातील एक घटना म्हणतात; त्याच खोऱ्यात बाजार भरविला म्हणजे तिचा संहार होतो. पहिल्या भागाचा कर्ता निसर्ग असेल, दुसऱ्याचे कर्ते आम्ही आहोत.

बरे, ठेच लागून आम्ही शहाणे झालो म्हणावे, तर आकडे काय सांगतात पाहा. २०१२ साली केदारनाथास साडेपाच लाखांहून अधिक यात्रेकरू गेले होते. २०२३ साली ती संख्या १९ लाखांवर गेली. म्हणजे ज्या गर्दीने मृत्यूची संख्या वाढविली, तिची आम्ही दहा-अकरा वर्षांत तिप्पट केली! ३१ जुलै २०२४ रोजी याच वाटेवर अतिवृष्टीने दरडी कोसळल्या व दहा हजारांवर माणसांस सोडवून आणावे लागले. ऑक्टोबर २०२२ मध्ये व पुन्हा जून २०२५ मध्ये हेलिकॉप्टर कोसळून प्रत्येक वेळी सात जण प्राणास मुकले. खोरे अरुंद, ढग क्षणात उतरणारे, आणि फेऱ्या मात्र टांग्याच्या अड्ड्याप्रमाणे चाललेल्या. मग दुसरे काय होणार?

आता सोनप्रयागपासून केदारनाथपर्यंत १२.९ किलोमीटरांचा रज्जुमार्ग व्हावयाचा आहे. मार्च २०२५ मध्ये मध्यवर्ती मंत्रिमंडळाने त्यास मान्यता दिली; खर्च ४,०८१ कोटी रुपये. आठ-नऊ तासांची चढण ३६ मिनिटांत संपेल व दिवसास १८,००० माणसे वाहून नेता येतील, असे सांगण्यात येते. पाळण्याने खेचरांचा छळ व हेलिकॉप्टरांचा कल्लोळ कमी होईल, हा त्याच्या बाजूचा मुद्दा आम्ही क्षुल्लक मानीत नाही. परंतु २०२२ साली सरकारनेच केदारनाथासाठी दिवसास १२,००० ची मर्यादा ठरविली होती आणि ती लवकरच एक हजाराने वाढविली. जी मर्यादा माणसे पायी चालत असतानाही टिकली नाही, ती ३६ मिनिटांचा पाळणा झाल्यावर टिकेल काय? आधी कधीही न वाढणारी मर्यादा बांधा आणि मग पाळण्याचे बोला. आमचा अर्धा विरोध तेथेच संपेल.

कोणी म्हणेल, “तुमचे पाय धड आहेत म्हणून हे तत्त्वज्ञान; आमच्या वृद्ध मातापित्यांनी काय करावे?” आक्षेप खरा आहे व त्याचे उत्तर परंपरेनेच देऊन ठेवले आहे. भाऊबीजेस केदारनाथाची दारे बंद होतात आणि देवाची उत्सवमूर्ती उखीमठास येते. सहा महिने तेथेच पूजा चालते, आणि उखीमठापर्यंत मोटार जाते. देव स्वतः खाली उतरून येतो, तर आम्ही मात्र त्यास भर जूनमध्ये वरच गाठण्याचा हट्ट धरावा, यात भक्ती किती आणि मिरविण्याची हौस किती, हे ज्याने त्याने मनाशी विचारावे. पंढरीच्या गर्दीत ज्यास आत जाता येत नाही तो कळसाचे दर्शन घेऊन तृप्त मनाने परततो. त्याची वारी कोणी अपुरी म्हणत नाही. चालणे हाच ज्या उपासनेचा गाभा, त्या वारीच्या महाराष्ट्राने तरी चालण्यास अडचण समजू नये.

दुसरा आक्षेप स्थानिकांच्या पोटाचा. तोही आम्ही ऐकला आहे, आणि त्या खेचरवाल्याजवळ बसून ऐकला आहे. पायी जाणारा मनुष्य दोन रात्री खोऱ्यात राहतो, दहा ठिकाणी चहा घेतो, कंडीवाल्यास व दंडीवाल्यास मजुरी देतो. उडत जाणारा दुपारी परततो. त्याचा पैसा त्याच्याबरोबरच उडतो. तेव्हा गढवाली माणसाच्या भाकरीचे नाव पुढे करून आपल्या सोयीचे समर्थन कोणी करू नये.

त्या खोऱ्यात जाऊच नये, असे मात्र आमचे मुळीच म्हणणे नाही. जावे, अवश्य जावे. पण गर्दीचे व पावसाचे दिवस टाळून जावे, शक्य तर पायी जावे, मुक्काम खालच्या गावांत करावा आणि रामबाड्याच्या समोर घटकाभर बसावे. मुलांस तेथे काय होते ते सांगावे. खोऱ्याची धारणशक्ती सरकारने ठरवावी, हे तर खरेच. पण आमच्या मागणीपुढे सरकारे वाकतात, हा अनुभव असता पहिला निर्बंध आम्हीच आपल्यावर घालून घेतला पाहिजे. तो न घालता पुढचा पूर आला, तर वर्तमानपत्रे पुन्हा दैवाचे व निसर्गाचे नाव घेतील. त्या वेळी आम्हांस तरी ते नाव घेण्याचा अधिकार उरलेला नसेल.