लाकडावर रंगवलेले लाकूड

परीक्षकाने आपली चूक छापून कबूल करावी, अशी पद्धत आपल्याकडे नाही. गेल्या हिवाळ्यात एका विज्ञान प्रदर्शनात मी परीक्षक होतो. तेथे मी एका मुलीचे गुण कापले आणि ते चुकीने कापले. ती चूक नुसती माझी असती, तर मी येथे लिहिले नसते. परंतु मॉडेल कसे पाहावे याविषयी आपण शिक्षक मंडळी नेहमी जी चूक करतो, तीच ही चूक आहे, असे मला नंतर दिसून आले.

मुलगी चितेगावची, नववीतली. तिने पहिल्या महायुद्धातील एका विमानाचे मॉडेल आणले होते. विमान सॉपविथ डॉल्फिन जातीचे. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर हे १९१८ साली ब्रिटिशांच्या २३ व्या स्क्वाड्रनमध्ये हेच विमान चालवीत. त्या वर्षी जूनमध्ये ते फ्रान्सच्या आघाडीवर पडले आणि जर्मनांच्या ताब्यात असताना जखमांमुळे वारले. पहिल्या महायुद्धात लढाऊ विमाने चालविणारे भारतीय हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. त्यांतील एक मराठी आडनावाचा होता, हे तिच्या तक्त्यामुळे पुष्कळ पाहुण्यांना प्रथमच समजले.

मॉडेल बाराव्या हिश्शाचे होते, म्हणजे मूळच्या १२ सेंटिमीटरचा येथे १ सेंटिमीटर. पुढचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, तिने पॅकिंगच्या खोक्याच्या फळीतून कोरला होता. पैठण रस्त्याच्या कारखान्यांतून असल्या फळ्या भंगारात पुष्कळ मिळतात. पंखा कोरून, घासून, गुळगुळीत केल्यावर मात्र तिने त्यावर पिवळसर रंगाचा हात दिला होता आणि त्या रंगावर पुन्हा लाकूड रंगवले होते! फिकट आणि गडद तपकिरी पट्टे, तेही सरळ नव्हेत. पात्याच्या मुळाशी दाटीवाटीने निघालेले, टोकाकडे फाकत गेलेले, आणि वळण घेऊन एकेक करून कडेला बाहेर पडलेले.

मी विचारले, "पंखा लाकडाचाच आहे. मग लाकडावर लाकूड कशाला रंगवलेस?"

ती म्हणाली, "सर, हे लाकूड खरं दिसत नव्हतं."

मला हसू आले. पुढे मी तिला ऐकवले की, लाकडाच्या रेषा फळीच्या लांबीने सरळ जातात, अशा वाकड्या जात नाहीत. ती म्हणाली, "सर, पण प्लाय घासल्यावर..." तिचे वाक्य पुरे होण्यापूर्वीच मी पुढच्या टेबलाकडे वळलो होतो. कागदावर मी 'अनावश्यक रंगरंगोटी' असे लिहिले आणि निरीक्षणाच्या रकान्यात गुण कमी केले. जिल्ह्याला दुसरेच मॉडेल गेले.

त्यानंतर पंधरा दिवसांनी घरी कपाटाचे काम निघाले. सुतारकाका प्लायवूडच्या फळीची कड कानशीने गोल करीत होते. मी सहज पाहू लागलो. कड जसजशी गोल होत गेली, तसतसे प्लायचे थर एकामागून एक वर आले आणि कडेवर फिकट-गडद पट्टे उमटले. कोपऱ्यावर, जेथे कानस दोन्ही बाजूंनी फिरली होती, तेथे ते पट्टे वाकून लंबवर्तुळासारखे झाले होते. मी त्यांना विचारले, हे असे कसे? त्यांना माझ्या प्रश्नाचेच नवल वाटले. "सर, प्लाय गोल केला की असंच दिसतं," एवढेच ते म्हणाले. ते अर्धे राहिलेले वाक्य मला तेव्हा ऐकू आले.

आता त्या पंख्याकडे नीट पाहू. विमानाचा लाकडी पंखा एका ओंडक्यातून कोरीत नाहीत. एका लाकडात गाठ असते, कोठे बारीक चीर असते, आणि हवेतील दमटपणाने ते पिळवटते. लाकूड लांबीच्या दिशेने जवळजवळ फुगत नाही, आडवे मात्र फुगते. म्हणून निवडलेल्या अनेक फळ्या एकीवर एक चिकटवून जाड ठोकळा करतात आणि त्या ठोकळ्यातून पंखा कोरतात. एका फळीचा दोष दुसरी सांभाळून घेते, आणि दोन्ही पाती सारख्या वजनाची करणे सोपे जाते. राइट बंधूंच्या १९०३ सालच्या विमानाचे पंखेसुद्धा स्प्रूस लाकडाच्या तीन थरांचे होते.

फळ्यांतील तंतू मात्र पात्याच्या लांबीनेच ठेवावे लागतात. त्याचे कारण आकड्यांतच पाहावे. पंखा अडीच मीटर लांबीचा आणि मिनिटाला १५०० फेरे घेणारा आहे असे धरा. सेकंदाला २५ फेरे झाले. पात्याचे टोक मध्यापासून १.२५ मीटरवर आहे. अभिकेंद्री त्वरणाचे सूत्र तुम्हांला ठाऊक आहे: कोनीय वेगाचा वर्ग गुणिले त्रिज्या. उत्तर सेकंदवर्गाला सुमारे ३१,००० मीटर येते, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या तीन हजार पटींहून अधिक! टोकाजवळचे एक ग्रॅम लाकूड तीन किलोच्या वजनाइतक्या जोराने बाहेर निसटू पाहते. लाकडाचे तंतू लांबीच्या दिशेने ही ओढ सोसतात. आडवे ओढले तर ते सहज उकलतात. सरपण फोडताना कुऱ्हाड कोणत्या दिशेने मारतात हे आठवा, म्हणजे झाले.

म्हणजे 'रेषा लांबीने सरळ जातात' हे माझे म्हणणे तंतूंच्या बाबतीत बरोबर होते. पण त्या मुलीने तंतू रंगवलेच नव्हते, तिने थरांच्या सीमा रंगवल्या होत्या. मी एकाच्या जागी दुसरे धरून बसलो.

या सीमा वाकड्या का दिसतात, हे भूगोलाच्या पुस्तकात आहे. थर सपाट आहेत, एकीवर एक रचलेल्या पोळ्यांसारखे. पात्याचा पृष्ठभाग मात्र पिळलेला आणि फुगीर आहे. वक्र पृष्ठभागाने सपाट थर कापले की जी रेषा मिळते, तिलाच नकाशात आपण समोच्च रेषा म्हणतो. शहराच्या दक्षिणेच्या साताऱ्याच्या डोंगराकडे (हा आपला सातारा, कृष्णाकाठचा नव्हे) उन्हे कलती असताना पाहा. डोंगराला आडव्या पायऱ्या दिसतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक पसरले आणि पुढे पाण्याने ते कोरले गेले. थर सपाट, कोरलेला उतार वाकडातिकडा, म्हणून पायरीची कड डोंगराच्या प्रत्येक वळणाबरोबर वळते. पंख्याच्या पात्यावर हेच घडते, फक्त तेथे पाण्याऐवजी पटाशी आणि रंधा असतो.

पाते मुळाशी उभट असते आणि टोकाकडे आडवे होत जाते. याचे कारण असे की, टोकाचा वेग जास्त असतो, मुळाचा कमी, आणि विमान पुढे जाण्याचा वेग दोघांना सारखाच. हवेला योग्य कोनात भिडायचे तर प्रत्येक ठिकाणी पात्याचा कल वेगळा हवा. उभट भागात थोड्या रुंदीत पुष्कळ थर कापले जातात, म्हणून तेथे रेषांची दाटी होते. टोकाशी पाते आडवे आणि पातळ असते, म्हणून तेथे थोडेच थर उरतात आणि त्यांच्या सीमा लांबट वळणे घेत कडेला संपतात. नकाशातही तीव्र उतारावर रेषा जवळजवळ येतात, सपाटीवर दूर जातात. त्या नववीतल्या मुलीने हे बरोबर रंगवले होते. आणखी एक गोष्ट तिने साधली होती, तीही मी पाहिली नाही. बहुतेक मुले दुसऱ्या पात्यावर पहिल्याची आरशातील प्रतिमा काढतात. खरे पाहता पंखा अर्धा फेरा फिरवला की एका पात्याची रेघ दुसऱ्याच्या रेघेवर बसली पाहिजे. तिच्या पंख्यावर ती बसत होती, असे तिच्या शिक्षकांनी पाठविलेल्या छायाचित्रात मला नंतर दिसले.

आता 'लाकडावर लाकूड' या थट्टेविषयी. यात मी जास्त चुकलो, आणि येथेच माझा आपल्या शिक्षकबंधूंशी वाद आहे. झाडाच्या खोडात वर्षाला एक वलय वाढते. एका वलयाची जाडी साधारण दोन मिलिमीटर धरा. बाराव्या हिश्शाच्या मॉडेलवर ते वलय एक मिलिमीटरच्या सहाव्या भागाइतके दिसायला हवे. पण मॉडेल खऱ्या लाकडाचे असेल तर झाडाला कोठे ठाऊक की आपले मॉडेल होणार आहे! त्याचे वलय दोन मिलिमीटरचेच राहते. बाराने गुणा: मूळ पंख्यात वलये २४ मिलिमीटरची होती, असे ते मॉडेल सांगते. ज्या थरांपासून पंखा बनतो ते मुळात दोन सेंटिमीटरच्या आसपास जाडीचे असतात. म्हणजे झाडाचे एक वलय अख्ख्या थराहून जाड! खऱ्या लाकडाचा तो पंखा पाहणाऱ्याला खोटे सांगत होता, आणि 'हे लाकूड खरं दिसत नव्हतं' या पाच शब्दांत तिने मला हेच सांगितले होते. आकार लहान केला तरी द्रव्य लहान होत नाही. मुंगीच्या पायाविषयी आणि हत्तीच्या पायाविषयी आपण वर्गात जे शिकवतो, त्याचाच हा भाऊबंद.

दुकानात मिळणाऱ्या प्लास्टिकच्या मॉडेलांत प्रमाण आणखी लहान असते, ४८ वा किंवा ७२ वा हिस्सा. तेथे दोन मिलिमीटरचे वलय केसाहूनही बारीक होते. ४८ व्या हिश्शाच्या पात्यावर अर्ध्या मिलिमीटरच्या अंतराने रेषा ओढणारा मुलगा नकळत एकाच वर्षात २४ मिलिमीटर जाडीचे वलय वाढविणारे झाड रंगवीत असतो. म्हणून तेथे रेषा मोजून काढायच्याच नाहीत. आधी फिकट पिवळसर रंगाचा हात द्यावा, तो पूर्ण वाळू द्यावा. त्यावर यलो ऑकर आणि बर्न्ट अंबर हे तैलरंग अगदी थोडे, जवळजवळ कोरड्या ब्रशने, लांबीच्या दिशेने एकदाच ओढावेत. केस झडलेला जुना ब्रश नव्यापेक्षा बरा, कारण त्याच्या रेषा एकसारख्या येत नाहीत. मग थरांच्या सीमा टोकदार पेन्सिलीने काढाव्यात, आणि शेवटी किंचित नारिंगी छटेचे वॉर्निश द्यावे. तैलरंग वाळायला दोन-तीन दिवस लागतात. घाई करणाऱ्याचे सारे काम वॉर्निशच्या पहिल्याच हाताला पुसून जाते. माझा पहिला प्रयत्न असाच गेला.

रंगवण्यापूर्वी मात्र एक प्रयोग करावा, असे माझे सांगणे आहे. प्लायवूडचा जाडसर तुकडा घ्या, आणि पॉलिश पेपरने त्याला पात्यासारखा पीळ द्या. तो नसेल तर दोन रंगांची चिकणमाती थराथराने रचा, किंचित वाळू द्या आणि पातळ सुरीने वळणदार कापा. रेषा कोठे जातात ते डोळ्यांनी पाहा आणि मग ब्रश उचला. घरातल्या सागवानी दारावर जी टोकदार कमानींची नक्षी दिसते, तीही अशीच छेदाची करामत आहे. खोड वर निमुळते होत जाते, म्हणजे वलये एकात एक घातलेल्या शंकूंसारखी असतात. अक्षाला समांतर फळी कापली की शंकूचा छेद अपास्ताच्या आकाराचा येतो. गणिताच्या पुस्तकातले हे वक्र आपल्या घराच्या दारावर असतात. झाड काही भूमितीबरहुकूम वाढत नाही, म्हणून ते जरा वेडेवाकडे असतात, इतकेच.

आमच्या प्रदर्शनाच्या गुणपत्रकात 'सजावट' नावाचा एक वेगळा रकाना असतो, आणि 'शास्त्रीय तत्त्व' हा त्याहून वेगळा. रंग दिसला की आपण तो पहिल्या रकान्यात ढकलतो आणि मोटार फिरली की दुसऱ्यात. माझ्या मते हे दोन रकाने एकत्र करावेत आणि परीक्षकाने बोट ठेवून एकच प्रश्न विचारावा: 'ही रेघ येथे का आहे?' ज्याला उत्तर देता येते त्याचा रंग हे निरीक्षण आहे. ज्याला येत नाही त्याची फिरणारी मोटारसुद्धा सजावटच. प्रश्न विचारल्यावर उत्तर संपेपर्यंत परीक्षकाने उभे राहावे, हेही ओघाने आलेच. काही शिक्षक म्हणतील, वेळ कोठे असतो? शंभर मॉडेले आणि दोन तास. त्यांचे म्हणणे खरे आहे. मग मॉडेले कमी बोलवावीत.

राहिली ती त्या मॉडेलमधली खरी चूक, जी कोणाही परीक्षकाच्या लक्षात आली नाही. पहिल्या महायुद्धात जर्मन कारागीर पुष्कळदा फिकट आणि गडद अशी दोन जातींची लाकडे आळीपाळीने चिकटवीत. त्यामुळे त्यांच्या पंख्यांवर ठळक पट्टे उमटत. (बर्लिनला त्या काळी पंखे बनविणारा एक कारखाना होता, त्याचे नाव 'गरुडा'. आपल्या विष्णूचे वाहन तेथपर्यंत पोहोचले होते!) ब्रिटिश पंखे बहुधा एकाच जातीच्या लाकडाचे असत, अक्रोडाचे किंवा मॅहोगनीचे. त्यांवर थरांच्या सीमा असतात, पण पुसट. वेलिणकरांचे विमान ब्रिटिश होते. मुलीने पट्टे पाहिले होते ते जर्मन पंख्याच्या छायाचित्रात.

मी तिच्या शाळेला पत्र लिहिले. जिल्ह्याची निवड तर झालीच होती, तीत काही बदलणे शक्य नव्हते. पत्रात मी माझी चूक लिहिली आणि जर्मन पट्ट्यांची तिचीही लिहिली. ती आता दहावीत आहे. गेल्या महिन्यात तिने नवा पंखा दाखवायला आणला, मॅहोगनीच्या तांबूस रंगाचा, सीमा जेमतेम दिसतील इतक्या फिकट. पुढची बाजू मला पटली. मागची बाजू पुढच्यापेक्षा बरीच सपाट असते, तेथे तिने रेषा फारच वळवल्या आहेत असे मला वाटते. तिला तसे वाटत नाही. पुढच्या रविवारी ती प्लायचा तुकडा घेऊन येणार आहे, आणि कानस मी आणून ठेवली आहे.